दुसऱ्या गावाचा पूर

समजा, एका तालुक्याच्या गावच्या नगरपरिषदेकडे गाळ उपसणाऱ्या तीन गाड्या आहेत, दोन जेसीबी आहेत, पाण्याचे चार टँकर आणि शंभर सफाई कामगार आहेत. दीडशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका गावात नदी शिरली. दोन दिवसांनी पाणी ओसरलं, मागे गुडघाभर चिखल राहिला. मुख्याधिकाऱ्यांनी दोन गाड्या, एक टँकर आणि चाळीस कामगार तिकडे रवाना केले. निघताना गाडीपुढे नारळ फुटला, फोटो छापून आला. वाचून आपल्याला बरं वाटलं.

आता एक खवचट प्रश्न विचारतो. हे पाठवण्याचा अधिकार मुख्याधिकाऱ्यांना कुणी दिला?

गाड्या त्यांच्या नाहीत, गावाच्या घरपट्टीतून आणि सरकारी अनुदानातून आलेल्या आहेत. त्यांच्याही गावात पावसाळा आहे, तुंबलेली गटारं आहेत, डेंग्यूचे रुग्ण आहेत. मी माझ्या खिशातले हजार रुपये पूरग्रस्तांना दिले तर ती माझी दया. पण मी तुमच्या खिशातले हजार रुपये काढून दिले तर ती कुणाची दया? विश्वस्तानं दुसऱ्याच्या पैशांवर उदार होऊ नये हे आपण एरवी मान्य करतो. मग पूर आला की हा नियम का विरघळतो? आणि विरघळत असेल, तर कुठवर?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नीतिशास्त्र शिकलेलो नाही. पण सिस्टिम कोसळली की कुणी, कुणाच्या भरवशावर, काय करायचं हे आधी लिहून ठेवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे एका स्थानिक सरकारनं दुसऱ्या स्थानिक सरकारला केलेली मदत हा विषय मला आधी तांत्रिक वाटला होता. वाचत गेलो तसं लक्षात आलं की यातला जवळजवळ प्रत्येक तांत्रिक तपशील हा एका नैतिक प्रश्नाला कुणीतरी दिलेलं उत्तर आहे.

पहिलं उत्तर : सावड

माझं गाव वाळवा तालुक्यातलं. आजोबांच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी असायचे: सावड आणि इर्जिक. सावड म्हणजे पाळीपाळीनं केलेलं काम. आज माझ्या शेतात तुझी बैलजोडी, उद्या तुझ्या शेतात माझी. यात हिशेब असतो. तो कागदावर नसला तरी सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. इर्जिक वेगळी. एखाद्याचं शेत पडून राहिलं, पेरणी हुकायची वेळ आली, की आसपासचे लोक आपापले नांगर घेऊन येतात आणि दिवसभरात काम उरकून देतात. ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. पुढे कोण कुणाचं देणं लागतो हे कुणी मोजत नाही.

मुख्याधिकाऱ्यांच्या बाजूनं देता येणारं सर्वांत सोपं उत्तर सावडीचं आहे. आज आपण पाठवलं, उद्या आपल्यावर वेळ आली तर ते पाठवतील. म्हणजे ही उधळपट्टी नाही, विम्याचा हप्ता आहे. लेखापरीक्षकालाही हे पटेल.

या उत्तराचं सगळ्यात पक्कं बांधकाम अमेरिकेत पाहायला मिळतं. १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर दक्षिणेकडच्या राज्यांनी एकमेकांना मदत करण्याचा करार आखला. १९९६मध्ये काँग्रेसनं त्याला मान्यता दिली आणि पुढे सगळी ५० राज्यं त्यात आली. ‘इमॅक’ या नावानं तो ओळखला जातो. करार अगदी रुक्ष आहे. आपद्ग्रस्त राज्यानं मागणी नोंदवायची. दुसऱ्यानं काय देऊ शकतो आणि खर्च किती हे सांगायचं. दोघांनी मान्य केलं की माणसं निघतात. खर्च मागणाऱ्यानं भरून द्यायचा. पाठवलेल्या नर्सचा किंवा इंजिनिअरचा परवाना दुसऱ्या राज्यात चालतो. पाठवलेला माणूस जखमी झाला तर त्याची भरपाई त्याला पाठवणारं राज्य देतं. २००५मध्ये कतरिना आणि रिटा या वादळांनंतर याच करारातून सुमारे ६५,००० माणसं मदतीला गेली. पन्नास राज्यांच्या राजकारणात एवढी माणसं केवळ सद्भावनेवर हलली नसती.

सावडीचा आणखी एक गुण आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. करार असला की मदत मागणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. तो याचना करत नाही, ठरलेली गोष्ट मागतो. बुडालेल्या गावाच्या नगराध्यक्षाला दुसऱ्याच्या दारात ‘काहीतरी बघा’ म्हणत उभं राहावं लागतं की फोन उचलून ‘करारातलं कलम लागू करतोय’ म्हणता येतं, यात फार मोठा फरक आहे. हिशेबी असण्याला आपण कोतेपणा समजतो. पण इथे हिशेबच माणसाची प्रतिष्ठा राखतो.

तरीही सावड पुरत नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं माझ्या धंद्यातलं. ज्या इमारतीत सर्व्हर आहे त्याच इमारतीत बॅकअप ठेवू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आग लागली तर दोन्ही जातात. सावड नेहमी शेजाऱ्याशी होते, आणि पूर शेजाऱ्याला सोडत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा पंचगंगेनं कोल्हापूरही वेढलेलं होतं. सांगलीनं कोल्हापूरकडे आणि कोल्हापूरनं सांगलीकडे बोटी मागायच्या, तर दोघांच्याही बोटी आपापल्या गल्ल्यांत फिरत होत्या. याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून जास्त माणसं बुडाली. माझी आत्या सांगलीत गावभागात राहते. त्या आठवड्यात तिच्याशी फोनवर बोलताना कळत होतं, की ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा ते सगळे एकाच पाण्यात उभे आहेत.

दुसरं कारण नैतिक आहे. विम्याचा तर्क शेवटपर्यंत ताणला तर तो कुठे पोचतो, हे २०१०मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात दिसलं. साउथ फुल्टन या शहराचं अग्निशमन दल शहराबाहेरच्या ग्रामीण भागाला सेवा द्यायचं, पण वर्षाला ७५ डॉलर भरणाऱ्यांनाच. एका कुटुंबानं ते भरलेले नव्हते. त्यांच्या घराला आग लागली. दल आलं ते शेजाऱ्याची जागा वाचवायला; शेजाऱ्यानं पैसे भरले होते. घर डोळ्यांसमोर जळून गेलं. त्यावर बराच वाद झाला, आणि दलाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. पैसे न भरताही सेवा मिळत असेल तर उद्या कुणीच भरणार नाही. मग गाडीही राहणार नाही आणि दलही. हिशेब चोख होता. पण हातात पाण्याचा पाइप धरून दुसऱ्याचं घर जळताना पाहत राहणं ज्या हिशेबातून निघतं, त्या हिशेबात काहीतरी मांडायचंच राहून गेलेलं आहे.

दुसरं उत्तर : दया

मग दया? तत्त्वज्ञ पीटर सिंगरनं १९७२च्या एका निबंधात मांडलेला दाखला प्रसिद्ध आहे. उथळ तळ्यात एक मूल बुडतंय. तुम्ही आत शिरलात तर कपडे चिखलानं भरतील, एवढंच. तरी तुम्ही शिरायला हवं, हे सगळ्यांना मान्य असतं. सिंगर पुढे विचारतो, की ते मूल हजारो मैलांवर असेल तर काय बदलतं? अंतरानं कर्तव्य कमी होत नाही, असं त्याचं म्हणणं.

दाखला मला पटतो. पण त्यात एक मूल आहे, एक तळं आहे आणि काठावर एकच माणूस आहे. खऱ्या आपत्तीत पन्नास तळी असतात आणि काठावर हजार माणसं. दया त्यातल्या कुठल्या तळ्याकडे धावते? ज्याचा व्हिडिओ पसरला त्याच्याकडे. पुरात बातम्यांमध्ये ज्या गावाचं नाव येतं तिथे बिस्किटांचे खोके आणि जुन्या कपड्यांचे ढीग साचतात. तीन किलोमीटर आतल्या वस्तीवर कुणी फिरकत नाही. शिवाय आलेली मदत उतरवून घ्यायला, मोजायला, वाटायला माणसं लागतात आणि ती त्या बुडालेल्या गावाचीच असतात. आमच्याकडे कोसळलेल्या सर्व्हरवर सगळे मिळून एकदम विनंत्या पाठवू लागले तर तो उठता उठता पुन्हा पडतो. दयेचा लोंढाही तसाच असतो.

२०११च्या मार्चमध्ये जपाननं यावर एक उत्तर शोधलं. ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य किनाऱ्यावर ९.० तीव्रतेचा भूकंप आणि मागोमाग त्सुनामी आली. ओसाका-क्योतोच्या परिसरातल्या प्रांतांनी जेमतेम तीन महिन्यांपूर्वी ‘कान्साई प्रादेशिक संघ’ स्थापन केला होता. १३ मार्चला त्यांचे प्रमुख भेटले आणि त्यांनी वाटणी करून टाकली. ओसाका आणि वाकायामानं इवाते प्रांत सांभाळायचा; ह्योगो, तोत्तोरी, तोकुशिमानं मियागी; शिगा आणि क्योतोनं फुकुशिमा. सगळ्यांनी सगळीकडे धावण्याऐवजी प्रत्येकाला एक ठरलेलं नातं मिळालं. याआधी २००८च्या वेनच्वान भूकंपानंतर चीननं हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. १९ प्रांत आणि महानगरांना एकेक उद्ध्वस्त तालुका नेमून दिला आणि तीन वर्षं दरवर्षी आपल्या महसुलाच्या किमान १ टक्का रक्कम तिथे खर्च करायला सांगितली. चीनमध्ये तो वरचा हुकूम होता, कान्साईत आपापसातला ठराव. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. ‘कुणीतरी करेल’ ही पळवाट बंद झाली. त्या तालुक्याचं काय झालं, हे विचारायला आता एक नाव, एक पत्ता होता.

पण पुन्हा माझा खवचट प्रश्न उरतोच. ओसाकाच्या करदात्यानं इवातेचा भार का उचलायचा? ह्योगोचं उत्तर समजण्यासारखं आहे. १९९५च्या कोबे भूकंपात त्या प्रांतानं हजारो माणसं गमावली होती आणि देशभरातून मदत घेतली होती. ते ऋण होतं. बाकीच्यांचं काय?

तोनो

या प्रश्नावर विचार करताना मी एका लहानशा गावापाशी थांबलो. तोनो. इवाते प्रांताच्या डोंगरातलं, २०११च्या सुमारास तीसेक हजार वस्तीचं. साहित्याच्या वाचकांना हे नाव कदाचित ठाऊक असेल. यानागिता कुनिओनं १९१०मध्ये इथल्या लोककथा गोळा करून ‘तोनो मोनोगातारी’ हे पुस्तक केलं. भुतंखेतं, नदीतले प्राणी, डोंगरातली माणसं. त्यातच एक गोष्ट आहे ती तोनोहून किनाऱ्यावर घरजावई म्हणून गेलेल्या माणसाची. १८९६च्या त्सुनामीत त्यानं बायको आणि मूल गमावलं होतं. म्हणजे तोनोला समुद्र नाही, पण समुद्रानं नेलेली माणसं आहेत.

नकाशा पाहिला की तोनोचं स्थान कळतं. किनाऱ्यावरची कामाइशी, ओत्सुची, रिकुझेनताकाता ही गावं तिथून साधारण तासाभराच्या वाटेवर आहेत. त्सुनामी तोनोपर्यंत कधीच पोचणार नाही. आणि किनारा उद्ध्वस्त झाला तर आत जाणारे रस्ते तोनोवरूनच जातील. २००७च्या सुमारास तोनोनं ठरवलं की किनाऱ्यावर त्सुनामी येईल त्या दिवसासाठी आपण मागचा तळ व्हायचं. किनाऱ्यावरच्या गावांना बरोबर घेतलं, प्रांताकडे आणि केंद्राकडे पाठपुरावा केला. २००८मध्ये जपानच्या आत्मसंरक्षण दलाचा मोठा सराव झाला, त्यातही तोनो हा तळ होता. गावातल्या क्रीडांगणाच्या आवारात फौजा आणि गाड्या कुठे उतरतील हे त्यामुळे आधीच ठाऊक होतं.

तीन वर्षांनी तो दिवस आला. भूकंपात तोनोच्या नगरपालिकेची स्वतःची इमारत निकामी झाली. कारभार बाहेर तंबूत हलवावा लागला. मध्यरात्र उलटून गेल्यावर ओत्सुचीहून एक माणूस डोंगर ओलांडून तोनोला पोचला आणि त्यानं सांगितलं, की शाळेत शेकडो माणसं अडकली आहेत, खायला-प्यायला काही नाही. पहाटेच्या आत तोनोची पहिली गाडी निघाली. तिकडे ओत्सुचीच्या नगरपालिकेत मागणी नोंदवायलाच कुणी उरलं नव्हतं. नगराध्यक्षांसह सुमारे ४० जण त्सुनामीत गेले होते.

इथे सावडीचा हिशेब लागत नाही. किनारा तोनोला त्सुनामीतून कधीच वाचवणार नाही, कारण त्सुनामी तोनोला येणारच नाही. आणि ही दयाही नव्हे. दयेला समोर दुःख लागतं. तोनोनं तयारी सुरू केली तेव्हा कुणी बुडालेलं नव्हतं, सरावाच्या दिवशी समुद्र शांत होता. चार वर्षं एका गावानं, स्वतःवर न येणाऱ्या संकटाच्या तयारीसाठी, आपल्या कर्मचाऱ्यांचा वेळ आणि आपला पैसा खर्च केला. तोनोच्या एखाद्या नागरिकानं सभेत उठून ‘आमच्या रस्त्यांचं काय?’ असं विचारलं असतं, तर त्याचं काय चुकलं असतं?

मला सापडलेलं उत्तर असं आहे. काही कर्तव्यं आपण कबूल केल्यामुळे येतात आणि काही घेतलेल्या उपकारामुळे. तिसरा एक प्रकार आहे: आपण जिथे उभे आहोत त्यामुळे येणारी कर्तव्यं. नदीकाठच्या पहिल्या घराला पाणी चढताना आधी दिसतं, म्हणून ओरडून सांगण्याचं काम त्या घराचं. त्यानं ते मागितलेलं नसतं. त्याबद्दल घरपट्टीत सूटही नसते. उंचावर असणं ही तोनोची कमाई नाही, तसंच सखल किनाऱ्यावर असणं हा ओत्सुचीचा गुन्हा नाही. जी सुरक्षितता आपण कमावलेली नाही ती पूर्णपणे आपल्या मालकीची आहे असं धरून चालता येत नाही. तिच्यावर इतरांचा थोडा हक्क राहतो.

हे मान्य केलं तर विश्वस्ताचा पेच सुटतो. मुख्याधिकारी गावाच्या पैशांवर उदार होत नाहीत. गावाचं एक देणं फेडतात. करदात्याचा पैसा करदात्याच्याच कर्तव्यासाठी खर्च होतो. फक्त ते देणं कुणाचं आणि कुठवर, हे पूर येण्याआधी सभागृहात सगळ्यांसमोर ठरलेलं असावं. तोनोनं तेच केलं होतं.

नळाची तोंडं

पण ठरवणं म्हणजे नेमकं काय? इथे मला बाल्टिमोरची आग आठवते.

७ फेब्रुवारी १९०४ला बाल्टिमोर शहराच्या मध्यभागी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब रेल्वेनं आले. दया होती, वेग होता, माणसं होती. बाल्टिमोरच्या रस्त्यांवरच्या नळांना त्यांचे पाइप लावायला गेले तर ते बसेनात. प्रत्येक शहराच्या नळाचे आटे वेगळे होते. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जोडणीचं राष्ट्रीय मानक ठरलं. तरीही १९९१मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला तेव्हा तिथल्या नळांची तोंडं तीन इंची होती आणि बाहेरून आलेल्या दलांच्या जोडण्या अडीच इंची. मानक ठरून ८६ वर्षं झाली होती. त्या आगीत २५ माणसं गेली.

मला हा नैतिक अपघात वाटतो, तांत्रिक नाही. बाल्टिमोरला आलेल्या जवानांच्या मनात काही खोट नव्हती. खोट होती ती आधीच्या तीस-चाळीस वर्षांच्या बैठकांत, जिथे प्रत्येक शहरानं आपलाच आटा पुढे चालू ठेवला. शेजाऱ्याशी जुळवून घ्यायला खर्च येतो आणि त्याचा उपयोग न घडलेल्या आगीसाठी असतो. ‘गरज पडली तर मी येईन’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पण येऊन मला तुमचा नळ उघडता येईल का, याची व्यवस्था ज्यानं केलेली नाही, त्यानं ते वचन अर्धंच दिलेलं असतं. चांगुलपणाचा मोठा भाग असा कंटाळवाणा असतो. आट्यांचं माप, वायरलेसची वारंवारिता, गोदामातल्या मालाची यादी, कुणाच्या सहीनं गाडी सुटेल याचा एक कागद.

अंतराच्या प्रश्नालाही असंच कागदी उत्तर आहे. तोक्योतल्या सुगिनामी या वॉर्डाचा दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या मिनामिसोमा या शहराशी परस्पर मदतीचा करार होता. २०११मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीमुळे मिनामिसोमाचा काही भाग रिकामा करावा लागला. तेव्हा सुगिनामीनं आपल्याशी करार असलेल्या इतर गावांना, होक्काइदोतल्या नायोरोला, २००४चा भूकंप सोसलेल्या ओजियाला, डोंगरातल्या हिगाशिआगात्सुमाला बरोबर घेतलं आणि सगळे मिळून मिनामिसोमाच्या मागे उभे राहिले. यांतल्या कुणाचंही संकट दुसऱ्याच्या संकटाबरोबर येण्याची शक्यता कमी. बॅकअप वेगवेगळ्या इमारतींत होता.

हात कुणाचे?

इथवर मी ‘गावानं पाठवलं’, ‘शहर धावलं’ असं म्हणत आलो. शहर धावत नाही. माणसं जातात.

२०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडमध्ये आणि वाशिष्ठीचं चिपळूणमध्ये शिरलं. महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. ठाणे महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल तळियेला गेलं. ठाणे, नवी मुंबईची सफाई पथकं चिखल काढायला कोकणात उतरली. ही आपल्याकडची इर्जिकच. पण जुन्या इर्जिकेत एक अट होती. नांगर घेऊन येणारा स्वतःच्या मर्जीनं यायचा. महापालिकेच्या इर्जिकेत मर्जी आयुक्तांची आणि हात सफाई कामगाराचे असतात. आपल्या शहरांतलं हे काम कोण करतं, त्यातले किती जण कंत्राटी असतात, ते कुठल्या जातींतून येतात, हे वाचकांना सांगायला नको. कुजलेली जनावरं, मैला मिसळलेला चिखल, लेप्टोची भीती. ठाण्याच्या नागरिकांचं कर्तव्य महाडमध्ये हा कामगार फेडतो आणि कौतुकाच्या फलकावर नाव महापालिकेचं असतं.

जपानमध्येही या बाजूची किंमत दिसली. किनाऱ्यावरच्या गावांत शेकडो कर्मचारी देशभरातून महिनोन्‌महिने बदलीवर गेले. घरापासून दूर, तात्पुरत्या खोल्यांत राहून त्यांनी ढिगाऱ्याएवढं काम उपसलं. ओत्सुचीत असा एक पाहुणा कर्मचारी २०१३च्या जानेवारीत आत्महत्या करून गेला.

म्हणून ‘इमॅक’मधलं ते रुक्ष कलम मला या सगळ्या विषयातलं सर्वांत माणुसकीचं कलम वाटतं. पाठवलेला माणूस जखमी झाला तर भरपाई कोण देणार, हे माणूस निघण्याआधी लिहिलेलं आहे. दुसऱ्याचं दुःख वाटून घेताना आपल्यातल्याच सर्वांत खालच्या माणसावर ते ढकललं जात नाही ना, हे पाहणं ही मदतीची पहिली अट हवी. नाहीतर ती दोन नगराध्यक्षांमधली सावड होते, आणि बैल म्हणून माणसं जुंपलेली असतात.

पावसाळ्याआधीचा ठराव

आपला २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वरून खाली येतो: राष्ट्रीय प्राधिकरण, राज्य प्राधिकरण, जिल्हा प्राधिकरण. स्थानिक संस्थेनं जिल्ह्याच्या निर्देशानुसार आपली माणसं आणि साधनं तयार ठेवायची. ही उभी रचना गरजेची आहे. एनडीआरएफची तुकडी आणि हेलिकॉप्टर तिच्यातूनच येतं. पण दोन नगरपालिकांना जोडणारी आडवी रेघ तिच्यात ठळक नाही. आडवी मदत होते ती कुणा मंत्र्याच्या फोनवर, कुणा आयुक्ताच्या तत्परतेवर. एखाद्या गावाचा नेता सत्तेबाहेर असेल तर फोन करायला कुणी नसतं. मदतीचं नशीब ओळखीवर अवलंबून असणं हाच मला यातला खरा अन्याय वाटतो. जे ओत्सुचीला घडलं ते कुणालाही घडू शकतं: मागणारेच उरणार नाहीत. अशा वेळी न मागता निघायची परवानगी आधीच दिलेली असायला हवी.

त्यासाठी मोठी क्रांती लागत नाही. मे महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव लागतो. एक गाव जवळचं, तासाभरात पोचणारं. एक गाव लांबचं, दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातलं. कृष्णाकाठच्या गावानं मराठवाड्यातल्या एखाद्या गावाशी बोलावं. एकाच्या पुरात दुसऱ्यानं माणसं द्यावीत, दुसऱ्याच्या दुष्काळात पहिल्यानं टँकर. ज्याला तेवढंही जमणार नाही त्यानं एक शाळा, दोन खोल्या, एक अनुभवी लिपिक द्यावा. तोनोकडे पैसा नव्हता, जागा होती. बरोबरी वस्तूंची नको, तयारीची हवी. आणि ठरावाला परिशिष्टं हवीत. पंपांच्या जोडण्यांची मापं, गाडी सोडायचा अधिकार असलेल्या दोघांची पदं, जाणाऱ्या कामगारांची संमती, त्यांचे बूट, लस, विमा, दुप्पट मजुरी, आणि पंधरा दिवसांनी सक्तीनं परत.

हे वाचून कुणी म्हणेल, की यात इर्जिक कुठे राहिली? ही तर कलमं झाली. माझं म्हणणं असं, की दोन शेतकरी एकमेकांना तोंडानं ओळखतात, म्हणून त्यांची इर्जिक न लिहिता चालते. दोन नगरपालिका एकमेकींना तोंडानं ओळखत नाहीत. त्यांचे अधिकारी तीन वर्षांनी बदलतात, नगरसेवक पाच वर्षांनी. संस्थेला काळीज नसतं, दप्तर असतं. तिच्याकडून माणुसकीची अपेक्षा करायची असेल तर ती दप्तरात लिहून ठेवावी लागते, आणि लिहिण्याचं काम पाऊस नसताना करावं लागतं.